दानाला वेस असावी काय?

दुष्काळात अन्नछत्र उघडणे हे पुण्यकर्म खरे. परंतु दुष्काळात गरिबांचीच उपासमार का होते, हे शोधण्यासाठी पैसा देणारा दाता विरळाच. सर रतन टाटा हे अशा दात्यांपैकी होते. १९०९ साली त्यांनी दक्षिण आफ्रिकेतील गांधीजींच्या लढ्यास २५ हजार रुपये पाठविले आणि १९१२ मध्ये दारिद्र्याच्या कारणांच्या अभ्यासासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला दरसाल १,४०० पौंडांचे साह्य देऊ केले. पारतंत्र्यातील देशाच्या एका उद्योगपतीने साम्राज्याच्या राजधानीत दारिद्र्याची चिकित्सा घडवून आणावी, ही घटना असामान्यच म्हटली पाहिजे. १९३२ साली स्थापन झालेल्या लेडी टाटा मेमोरियल ट्रस्टनेही रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनास देशोदेशी साह्य केले आहे.

तथापि खानदेशाने अधिक लक्ष द्यावे ते जमशेटजींनी १८९२ मध्ये उभारलेल्या शिक्षणनिधीकडे. परदेशी उच्च शिक्षणासाठी हा निधी कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो. के. आर. नारायणन व जयंत नारळीकर हे त्याचेच शिष्यवृत्तीधारक. परतफेडीचा पैसा पुढच्या विद्यार्थ्याच्या कामी येत असल्याने घेणाऱ्याचा स्वाभिमान राहतो आणि निधीही आटत नाही.

आता दानाची जागा काही अंशी कायद्याने घेतली आहे. कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमान्वये १ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कार्यावर खर्चावे लागतात. मात्र कंपनीने आपल्या कार्यक्षेत्राच्या परिसरास प्राधान्य द्यावे, असेही तेच कलम सांगते. परदेशातील कार्य तर त्यात जवळजवळ धरलेच जात नाही. म्हणजे जेथे कारखाने, तेथेच साह्य! कोरडवाहू कापसावर भिस्त असलेल्या बोदवड तालुक्याच्या पदरात यातून काय पडणार? परिसराचे ऋण फेडणे गैर नव्हे. परंतु नफा जेथे होतो तेथेच गरज असते, असे नाही. प्राधान्याचा निकष मागासलेपणाशी जोडणे, हे शासनाचे कर्तव्य आहे.

बोदवडकरांनीही तोवर वाट पाहत बसू नये. कापूसपेठांत पूर्वी धर्मादाय कापला जाई. पैसा शेतकऱ्याचा आणि पुण्य व्यापाऱ्याचे, असा तो व्यवहार होता. आज व्यापारी, नोकरदार आणि शिकून बाहेरगावी स्थिरावलेले भूमिपुत्र यांनी स्वेच्छेने एक नोंदणीकृत न्यास स्थापून फिरता शिक्षणनिधी उभारावा व त्याचा हिशेब दरसाल जाहीर करावा. निधी लहान असला तरी चालेल. घेतलेले परत करण्याची रीत मात्र पहिल्या विद्यार्थ्यापासून पडली पाहिजे.