मासा नेमका खाल्ला कुणी?

परवा आमच्या ग्रुपमध्ये सुरमई फ्रायच्या रेटवरून जोरदार डिस्कशन झालं. मालवणचा एक मित्र म्हणाला, ‘‘सगळा दोष त्या डॉल्फिनचा. जाळी फाडतात, मासे पळवतात.’’ सगळ्यांना पटलंही. मला मात्र कॅनडातलं न्यूफाउंडलंड आठवलं. तिथे हीच केस कित्येक वर्षं चालू आहे, फक्त आरोपी आहे हार्प सील.

कॉड म्हणजे तिथल्या लोकांचा जीव की प्राण. १९६८ मध्ये, मुख्यतः परदेशी ट्रॉलर्सनी, ८ लाख टनांवर कॉड उपसला. १९७७ मध्ये कॅनडाने २०० सागरी मैलांची हद्द आखून पाहुण्यांना हाकललं आणि मग घरच्याच बोटींनी तेच काम पुढे नेलं! २ जुलै १९९२ रोजी सरकारने कॉडच्या मासेमारीवर बंदी घातली. सुमारे ३० हजार लोक बेकार.

कॉड काही परत येईना. सील मात्र वाढतच गेले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला २० लाखांच्या आसपास होते, ते पुढे ७० लाखांवर पोचले. मग काय, ‘मारा सील!’ ऐकायला एकदम लॉजिकल. पण सरकारी शास्त्रज्ञांनी हिशोब मांडला, तर या कॉडच्या बाबतीत सीलचा वाटा फारसा निघालाच नाही. खरी भानगड कॅपेलिनची. हा आपल्या तारलीएवढा, वीतभर चंदेरी मासा. कॉड त्याच्यावर जगतो, सील आणि पक्षीही. तोच १९९१ च्या सुमारास कोसळला होता.

म्हणजे सील सुटले? थांबा. जवळच्याच सेंट लॉरेन्स आखाताच्या दक्षिण भागात २००९ पासून खास कॉडसाठीची मासेमारी बंद आहे, तरी कॉड सावरलेला नाही. तिथे मात्र शास्त्रज्ञांचं बोट ग्रे सीलकडेच आहे. मासा मुबलक असताना जो घास कुणाच्या लक्षातही येत नाही, तोच मासा थोडा उरला की जड जातो.

पक्ष्यांची तर वेगळीच गंमत. १९९२ नंतर जाळी उठली, तेव्हा बुडी मारून मासे पकडणारे मरे पक्षी वाढले, कारण जाळ्यात अडकून मरणं थांबलं. बोटींवरून फेकलेल्या टाकाऊ मासळीवर पोसलेले कुरव मात्र घटले.

२०२४ मध्ये न्यूफाउंडलंडच्या कॉडवरची ३२ वर्षांची बंदी उठली, १८ हजार टनांचा कोटा मिळाला. कॅपेलिन तोवर पूर्वीसारखा झालेला नव्हता. त्याचीही मासेमारी त्या वर्षी चालूच होती.