समुद्रातला स्पंज, मलेरियावरचं औषध आणि सीमाभागाचा संबंध

बेळगाव : खानापूर, चंदगड आणि बेळगाव तालुक्यांतून शेकडो माणसं चोर्ला घाट उतरून गोव्यात कामाला जातात. कुणी गवंडी, कुणी सेंट्रिंगवाला, कुणी हॉटेलात. तिथं थंडी वाजून ताप आला की आधी रक्त तपासलं जातं. बांधकाम मजुरांना मलेरिया तपासणीचं आरोग्य कार्ड काढावं लागतं, ते यासाठीच. याच गोव्यात दोनापावला इथं १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. समुद्रातल्या जीवांपासून औषधी रसायनं मिळतील का, याचा शोध तिथं अनेक वर्षं सुरू आहे. त्यात स्पंज हा जीव महत्त्वाचा. मजुराचा ताप आणि समुद्राच्या तळाचा हा जीव, यांचा संबंध काय, हे समजून घेण्यासारखं आहे.

जुनी औषधं पुरेशी का नाहीत?

मलेरियावर औषध नाही असं नाही. सिंकोना झाडाच्या सालीतून क्विनाइन आलं. चीनमधल्या एका वनस्पतीतून आर्टेमिसिनिन आलं आणि त्यासाठी तू यूयू यांना २०१५ चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी नोबेल मिळालेलं दुसरं काम आयव्हरमेक्टिनचं. ते जपानमधल्या मातीतल्या जंतूपासून मिळालं. म्हणजे परजीवींवरची मोठी औषधं निसर्गातूनच आली आहेत.

पण परजीवीही शहाणे होतात. क्लोरोक्विनला फाल्सिपेरम मलेरिया केव्हाच जुमानेसा झाला. आग्नेय आशियात आणि आता आफ्रिकेतल्या रवांडा, युगांडा या देशांत आर्टेमिसिनिनचा परिणामही मंदावल्याचं दिसलं आहे. व्हायवॅक्स मलेरियाची अडचण वेगळी. त्याचे जंतू यकृतात लपून बसतात. ते मारायला प्रायमाक्विनची गोळी १४ दिवस घ्यावी लागते. तीन दिवसांत ताप उतरला की माणूस गोळ्या सोडतो, गावी येतो आणि काही महिन्यांनी पुन्हा अंथरूण धरतो. हातावर पोट असलेल्याचा रोजगार दोनदा बुडतो.

हत्तीरोगाचं दुखणंही असंच. बिदर, कलबुर्गी आणि पलीकडे सोलापूर भागात लोकांना गोळ्या वाटल्या गेल्या आहेत. त्या गोळ्या रक्तातल्या पिल्लांना मारतात, पण शरीरात वर्षानुवर्षं जगणारे मोठे कृमी सगळे मरत नाहीत. म्हणून वाटप पुन्हा पुन्हा करावं लागतं. देशातून हत्तीरोग हटवण्याचं लक्ष्य २०२७ चं आहे.

स्पंजमध्ये असं काय आहे?

स्पंज हा प्राणी आहे. त्याला ना पाय, ना कवच, ना दात. खडकाला चिकटून तो पाणी गाळत जगतो. पळता येत नाही म्हणून तो, आणि त्याच्या अंगात राहणारे जंतू, रसायनं तयार करून शत्रूला दूर ठेवतात. हीच रसायनं शास्त्रज्ञांना हवी असतात.

१९५१ साली कॅरिबियन भागातल्या एका स्पंजमधून काही वेगळे रेणू मिळाले. त्यांच्या नमुन्यावरून रक्ताच्या कॅन्सरवरचं सायटाराबिन तयार झालं. ते आजही वापरात आहे. जपानी स्पंजमधल्या रेणूवरून बनलेलं एरिब्युलिन २०१० साली अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं.

परजीवींच्या बाबतीत मॅन्झामाइन-ए हे नाव पुढं आहे. १९८६ साली ते ओकिनावाजवळच्या स्पंजमध्ये सापडलं. २००० साली उंदरांवरच्या प्रयोगात त्यानं मलेरियाला चांगलाच आवर घातल्याचं दिसलं. आपल्या देशातही काम झालंय. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनं हॅलिक्लोना एक्झिग्वा या स्पंजची काळा आजार आणि हत्तीरोगाच्या परजीवींवर चाचणी घेतली. प्राण्यांवरचे निकाल २००७ आणि २००९ साली प्रसिद्ध झाले. त्यांत परिणाम दिसला.

मग घोडं कुठं अडलं?

सरळ सांगायचं तर, स्पंजपासून बनलेलं एकही परजीवीविरोधी औषध आज दुकानात नाही. अडचणी तीन आहेत.

पहिली विषारीपणाची. परजीवी मारणारा रेणू माणसाच्या पेशीलाही मारू शकतो. परजीवी मरेल आणि माणूस वाचेल, असा डोस सापडायला हवा.

दुसरी मालाची. एरिब्युलिनच्या मूळ रेणूचं उदाहरण बोलकं आहे. ६०० किलो स्पंजमधून तो निघाला जेमतेम साडेबारा मिलिग्रॅम. असा हिशेब कुठल्याच धंद्यात बसत नाही, आणि स्पंज उपसत बसलं तर समुद्रही उरणार नाही. शेवटी रसायनशास्त्रज्ञांनी त्याचं सोपं रूप, म्हणजे एरिब्युलिन, प्रयोगशाळेत घडवलं, तेही साठच्या वर टप्प्यांतून. मॅन्झामाइनच्या बाबतीत आशा आहे, कारण स्पंजमधल्या एका जंतूतही ते सापडलं. जंतू टाकीत वाढवता येतो.

तिसरी अडचण पैशाची. कॅन्सरच्या औषधाला गिऱ्हाईक मिळतं. मलेरिया, हत्तीरोग, काळा आजार यांचा रोगी गरीब असतो. म्हणून कंपन्या मागे राहतात आणि सरकार व सेवाभावी संस्थांवर भार येतो.

आपल्या भागाचा वाटा

बेळगावच्या नेहरूनगरात आयसीएमआरची पारंपरिक औषध संस्था आहे. तिचा भर पश्चिम घाटातल्या औषधी वनस्पतींवर. घाटाखाली दोनापावला आणि मालवणचं सागरी अभयारण्य. म्हणजे घाटावरचं झाड आणि समुद्रातला जीव, दोन्हींचा अभ्यास करणाऱ्या संस्था काही तासांच्या अंतरात आहेत. राज्यांच्या सीमा आड येतात, पण परजीवी सीमा पाहत नाही.

लाभाचा प्रश्नही आहे. जैवविविधता कायदा २००२ नुसार अशा साधनसंपत्तीतून झालेल्या फायद्यात स्थानिकांना वाटा मिळायला हवा. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी हा कायदा माहीत करून घ्यावा.

आणि सीमाभागासाठी सगळ्यात जवळची गोष्ट भाषेची. उद्या अशा औषधाची चाचणी माणसांवर झाली, तर २०१९ च्या नियमांनुसार संमतीपत्र रुग्णाला समजेल अशा भाषेत असावं लागतं. निपाणीच्या विडी कामगार बाईला मराठी वाचता येत असेल तर मराठीत कागद मागणं हा तिचा हक्क आहे. न समजलेल्या कागदावर अंगठा उठवायचा नाही, हे आतापासून लक्षात ठेवावं.

स्पंजचं औषध यायला बरीच वर्षं लागतील, कदाचित येणारही नाही. आज हातात आहे ती प्रायमाक्विनची गोळी. ती गरोदर बाईला देत नाहीत, म्हणून डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. पण एकदा सुरू केली की गोव्याहून परत येतानाही पिशवीत ठेवावी आणि १४ दिवस पुरे करावेत.