माळढोक, माळ आणि मालकी

१९७९ साली सोलापूर व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांतील सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर प्रदेश माळढोकासाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. नकाशावर रेघ ओढताना गावेच्या गावे आणि खाजगी शिवारे आत आली. जमिनीच्या व्यवहारांत अडथळे येऊ लागले. कोरडवाहू शेतकऱ्याने पक्ष्यालाच वैरी मानले, तर नवल कसले! २०१२ साली हे क्षेत्र सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणले गेले. शेतकऱ्याचा जाच कमी झाला खरा, पण माळढोक वाचला नाही. नान्नजच्या माळावर तो आता क्वचितच दिसतो.

याचे कारण जमिनीच्या वापरात आहे. माळढोक उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो. त्याला गवताळ माळ हवा. उसाला पाणी, कर्ज आणि कारखाना मिळाला. गवत मात्र सरकारदप्तरी ‘पडीक’च राहिले. त्यावर झाडे लावणे म्हणजे निसर्गरक्षण, असेही काही विद्वान समजतात!

वस्तुतः याच गवतावर धनगरांची मेंढरे जगतात. तेव्हा मेंढपाळ विरुद्ध माळढोक हा झगडा मुळात खोटा आहे. गवत राखणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्यास एकरी मोबदला द्यावा. त्यासाठी पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न उसाला पाणी देताना कोणाला पडला नव्हता. गायराने ग्रामसभेच्या ताब्यात असावीत, आणि विणीच्या पावसाळी महिन्यांपुरती चराईबंदी करावयाची ती मेंढपाळांशी बसून ठरवावी.