सॅटेलाइटला झाड दिसते, वावर दिसत नाही



पोडावरच्या, गुड्यावरच्या, जंगलाकाठच्या सगळ्या मायबापांनो, भावांनो, बहिणींनो,

सध्या एक वाक्य लय ऐकू येते. तहसीलच्या व्हरांड्यात, एसटी स्टँडवरच्या चहाटपरीवर, कापूस घेऊन गेलं तर जिनिंगच्या फाटकावर. "सॅटेलाइट खोटं बोलत नाही." वनहक्काचा दावा कायले फेटाळला हे विचारायला माणूस जाते, तर त्याला हेच वाक्य ऐकवतात. वरून नकाशा दाखवतात. हिरवा रंग दाखवतात. "पाह्य, दोन हजार पाचमध्ये इथं जंगल होतं. तुझं वावर कुठं हाय?" माणूस गप होते. सायबाशी भांडता येते, नाकेदाराशी भांडता येते, पण आभाळाशी कोण भांडणार?

आता तर आपलीच शिकलेली पोरं हे बोलून राहिली. मोबाईलवर नकाशा उघडतात, बोटानं मोठा करतात, आणि बुढ्याला सांगतात, "बाबा, विज्ञानात नाही दिसत तुमचं वावर." म्हणून हा लेख. मीही बारावीपर्यंत विज्ञान शिकलो आहे. विज्ञानाशी माझं भांडण नाही. विज्ञानाचं नाव घेऊन जे अर्धवट सांगितलं जाते, त्याच्याशी आहे.

आधी पाहू, सॅटेलाइट पाहते काय. तो फोटो म्हणजे आपण मोबाईलवर काढतो तसा नसते. जमिनीचे सारखे चौकोन पडतात आणि एका चौकोनाला एकच रंग मिळते. चौकोनात अर्धी पऱ्हाटी आणि अर्धा साग असला तरी रंग एकच, दोघांची खिचडी. आपल्या देशाचा पहिला आयआरएस सॅटेलाइट १९८८ साली वर गेला. त्याच्या एका कॅमेऱ्याचा चौकोन साडेबहात्तर मीटरचा होता, म्हणजे सव्वा एकरापेक्षा मोठा. एकरभर वावराचा त्यात ठिपकाही उमटत नाही. नंतर जो कॅमेरा जंगल मोजायला सगळ्यात जास्त वापरला, त्याचा चौकोन साडेतेवीस मीटरचा. हिशेब करा. दोन एकराचं वावर म्हणजे जेमतेम चौदा-पंधरा चौकोन. त्यातले धुऱ्यावरचे चौकोन अर्धे जंगलातले, अर्धे वावरातले. मधात उरले किती? चार-पाच. तेवढ्यावर एका घराचं भविष्य ठरते.

कोणी म्हणेल, याहून बारीक पाहणारे सॅटेलाइट आहेत. आहेत ना. अडीच मीटरपर्यंत पाहणारा आपला कार्टोसॅट मे २००५ मध्ये वर गेला. पण त्याचा फोटो काळा-पांढरा. आणि कायद्याची तारीख आहे १३ डिसेंबर २००५. मधात सात महिने. त्यातले पावसाळ्याचे चार काढा. आपण कोरडवाहू माणसं. आपलं वावर जून ते ऑक्टोबर भरलेलं असते, आणि तेव्हाच आभाळही भरलेलं असते. ढगाच्या आड हा कॅमेरा पाहू शकत नाही. दिवाळीच्या सुमाराला आभाळ उघडते, तेव्हा पऱ्हाटी हिरवी, तूर हिरवी, सागही हिरवा. आणि मे महिन्यात पाहाल तर साग पान गाळून उभा, वावर उघडं पडलेलं, दोन्ही भुरकट. शिकलेला माणूस रंगाच्या बारीक फरकावरून ओळखू शकते, मान्य. पण त्यालाही जागेवर जाऊन पडताळावंच लागते. हे मी माझ्या मनानं सांगत नाही. सॅटेलाइटचं शास्त्रच सांगते की नकाशा जमिनीवर जाऊन तपासल्याशिवाय पक्का होत नाही. मग विज्ञान कोणाच्या बाजूनं आहे? जागेवर न येता टेबलावर दावा फेटाळणाऱ्याच्या, की "सायेब, एकदा वावरात या" म्हणणाऱ्या कोलामाच्या?

आता सगळ्यात मोठी गोष्ट. देशाचं जंगल मोजते भारतीय वन सर्वेक्षण संस्था. तिची व्याख्या ऐका. एक हेक्टरपेक्षा मोठी जागा आणि तिच्यावर दहा टक्क्यांपेक्षा जास्त झाडाची सावली असली, की ते वनाच्छादन. जमीन कोणाची, कायद्यानं जंगल आहे की नाही, झाड कोणतं, हे त्यात पाहतच नाहीत. आमराई असली तरी ती त्यात धरली जाते. देशभरचा हिशेब करायला ही व्याख्या ठीक असेल. पण कोणाचं वावर आहे आणि कोणाचं नाही, हे ठरवायला ती बनलेलीच नाही.

आता आपली वावरं आठवा. आपण वावर काढतो तेव्हा मोह तोडत नाही. टेंभुर्णी, चार, आवळा ठेवतो. मोहाचं झाड म्हणजे उन्हाळ्याची भाकर, ते कोण तोडते? वावरात आठ-दहा मोठे मोह असले की वरून ते हिरवं दिसणार. म्हणजे ज्यानं झाड राखलं त्याचं वावर "जंगल" आणि दावा नामंजूर. ज्यानं सगळं साफ केलं त्याचं वावर स्वच्छ दिसते आणि दावा मंजूर! झाड वाचवल्याची ही शिक्षा. आणि वरून आपल्यालाच म्हणतात, आदिवासी जंगल तोडते.

कायदा काय म्हणते तेही पाहू, कारण "सॅटेलाइट खोटं बोलत नाही" हे वाक्य कोणत्याच कायद्यात लिहिलेलं नाही. २००६ चा वनहक्क कायदा आणि त्याचे २००८ चे नियम घ्या. नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. त्यात सॅटेलाइटचा फोटो आहे, हो. पण त्याच यादीत मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, घरटॅक्सची पावती आहे. बांध, सपाटीकरण, झोपडी आहे. जुनी विहीर, मसणवट, देवाचं ठाणं आहे. वंशावळ आहे. आणि दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या म्हाताऱ्या माणसांचं लेखी घेतलेलं सांगणंही आहे. बुढ्याचा शब्द आणि सॅटेलाइटचा फोटो एकाच यादीत, एकाच रांगेत बसले आहेत. कोणी खुर्चीवर आणि कोणी जमिनीवर, असं कायद्यानं केलेलं नाही. एकापेक्षा जास्त पुरावे पाहा, असंही नियमच सांगते.

एवढं असून काही राज्यांत फोटो पाहूनच दावे फेटाळले. गुजरातमध्ये हे प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि २०१३ साली न्यायालयानं सांगितलं की फक्त सॅटेलाइटच्या फोटोवर दावा नाकारता येत नाही, बाकीचे पुरावेही पाहावे लागतील. त्याच्या आधी, सप्टेंबर २०१२ मध्ये, केंद्र सरकारनं नियम सुधारले. त्यात नियम १२-अ मध्ये साफ लिहिलं की सॅटेलाइट आणि बाकी तंत्रज्ञान हे दावेदाराच्या पुराव्याला जोड म्हणून वापरता येईल, पण पुराव्याच्या जागी ते धरता येणार नाही. जोड म्हणजे जोड. भाकरीसोबत मीठ असते, मिठाची भाकर होत नाही.

हे सगळं आत्ता कायले सांगायचं? कारण धोका खरा आहे. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला होता की ज्यांचे दावे फेटाळले त्यांना जंगलातून काढा. वेगवेगळ्या राज्यांनी सांगितलेले असे दावे अकरा लाखांहून जास्त होते. देशभर आदिवासी उभा राहिला, सरकार पुन्हा न्यायालयात गेलं, आणि २८ फेब्रुवारीला त्या आदेशाला स्थगिती मिळाली. मग राज्यांना विचारलं गेलं की दावे कोणत्या पद्धतीनं फेटाळले ते सांगा. म्हणजे आपल्या दाव्यावर लिहिलेली "नकाशात शेती दिसत नाही" ही एक ओळ कागद नाही, ती आपल्या घरावर टांगलेली कुऱ्हाड आहे. ती ओळ आपण निमूट घेतली, तर उद्या तीच ओळ आपल्याला हुसकायचा आधार होईल.

यंत्र किती देव आहे हे आपल्या जिल्ह्यानं डोळ्यानं पाहिलं आहे. राळेगाव-पांढरकवडा भागात टी-१ वाघिणीला शोधायला २०१८ साली काय काय आणलं? ड्रोन, जागोजागी कॅमेरे, हत्ती, कुत्रे, परदेशी अत्तरसुद्धा. तेरा माणसांचे जीव गेल्याचा ठपका तिच्यावर होता. महिनोन्‌महिने लागले. २ नोव्हेंबर २०१८ ला रात्री ती मारली गेली, आणि तिला भुलीचं इंजेक्शन नीट मारलं होतं की नाही यावर नंतर शिकलेल्यांतच वाद झाला. एक जिती वाघीण, एवढी यंत्रं, तरी प्रश्न शिल्लकच राहिले. मग वीस वर्षांपूर्वी माझ्या आज्यानं कुठं तूर पेरली होती, हे एका फोटोवरून छातीठोक कसं सांगता?

आता दुसरी बाजूही बोलली पाहिजे. काही लोक म्हणतात, "सगळे दावे खरे थोडेच आहेत? दोन हजार पाचनंतर जंगल साफ करून दावे टाकले." कुठं कुठं असं झालं असेल. पैसेवाल्यांनी आदिवासीला पुढं करून जमीन दाबायचा प्रयत्न केला असेल तर त्याला पहिला विरोध गावानंच केला पाहिजे. खोट्या दाव्याला ग्रामसभेनं हो म्हटलं, तर खऱ्या दाव्याची किंमत जाते. पण खोटं कोण ओळखू शकते? धुऱ्याला धुरा लागलेला शेजारी, की सातशे किलोमीटरहून जास्त उंचीवरचा कॅमेरा? म्हणून तर कायद्यानं पहिला निवाडा ग्रामसभेकडे दिला आहे.

आणि आपल्यातही काही भाऊ दुसऱ्या टोकाला जातात. "जीपीएसवाल्याला गावात पाय ठेवू देऊ नका, मशीन फोडून टाका." मी म्हणतो, नको. मशीन आपली वैरी नाही. एखाद्या जुन्या फोटोत आपलं वावर स्वच्छ दिसत असेल तर तो फोटो आपणच दाव्याला जोडला पाहिजे. मोजणीला जीपीएस येत असेल तर पाच माणसं सोबत चाला आणि धुऱ्यावरून चालायला लावा. साधी हातातली जीपीएस झाडाखाली पाच-दहा मीटर सहज चुकते. एक एकराच्या चौरस वावरात चारी बाजूंनी पाच-पाच मीटर आत धरलं, तर चाळीस आरचे एकोणतीस आर उरतात. अकरा आर गेले कुठं? कोणी खाल्ले नाहीत, यंत्र झाडाखालून फिरलं एवढंच. हे समजलेला पोरगा सोबत असला तर ते अकरा आर वाचतात. म्हणून पोरांनो, मोबाईल खिशात घालू नका. बुढ्याचं तोंड बंद करायला नको, त्याचा धुरा वाचवायला तो वापरा.

ज्यांचा दावा "सॅटेलाइटमध्ये दिसत नाही" म्हणून परत आला किंवा फेटाळला, त्यांनी हे करावं :

१) नामंजुरीचं कारण लेखी मागा. तोंडी सांगितलेलं मानू नका. लेखी आदेश हातात पडल्यापासून साठ दिवसांत अपील करता येते. तारीख कागदावर लिहून ठेवा.

२) अर्जात चार प्रश्न विचारा. कोणत्या सॅटेलाइटचा फोटो? कोणत्या तारखेचा? एका चौकोनाचा आकार किती मीटर? जागेवर येऊन कोणी, कधी पडताळला?

३) कमीत कमी दोन-तीन वेगळे पुरावे जोडा. जुन्या दंडाच्या पावत्या फेकू नका! वनखात्यानं अतिक्रमण म्हणून तुमच्या बापाला दंड केला असेल, तर तो बाप तिथं शेती करत होता हे वनखात्यानंच लिहून दिलं आहे.

४) गावातल्या बुढ्या-बुढींचं सांगणं आत्ताच लेखी घ्या, अंगठे घ्या. माणूस गेलं की पुरावा जाते.

५) वनहक्क समितीनं जागेची पाहणी ठेवली की वनखात्याला आणि महसूलला लेखी कळवा. हजर राहून सही करणं हे नियम १२-अ प्रमाणं त्यांचं काम आहे. आले नाहीत तर तसं पंचनाम्यात लिहा.

६) तपासणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही ताब्यातल्या जमिनीवरून हटवता येत नाही. कायद्याचं कलम ४(५). हा आकडा लेकराबाळांना पाठ करून ठेवा.

७) जे गाव अनुसूचित क्षेत्रात आहे, तिथं जिल्हा समितीनं नाकारलं तरी दार बंद नाही. राज्यपालांच्या २०२० च्या अधिसूचनेनं विभागीय समितीकडे अपिलाची सोय केली आहे.

शेवटी एवढंच. पुढच्या वेळी कोणी व्हरांड्यात म्हटलं, "सॅटेलाइट खोटं बोलत नाही", तर भांडू नका, शांत सांगा : सायेब, सॅटेलाइट बोलतच नाही. बोलते तो नकाशा वाचणारा माणूस. तो माणूस आमच्या वावरात येऊन बोलू द्या, आमच्या ग्रामसभेत बसून बोलू द्या. मग आमचा बुढाही बोलेल.

हा अंक वाचून झाला की घडी करून ठेवू नका. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा, आणि पुढच्या पोडावर द्या.

मावा नाटे, मावा राज!
जल, जंगल, जमीन आमच्या हक्काची!