खोलीतली सायकल, बाहेरचा रस्ता



"व्यायामाची सायकल घरात आहे ना? मग रस्त्यावर जायची हौस कशाला?" हा प्रश्न गेल्या चार महिन्यांत आमच्या गटातल्या जवळजवळ प्रत्येकीने ऐकला. कुणी नवऱ्याकडून ऐकला, कुणी सासूकडून, एकीने तर स्वतःच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडून. प्रश्नात काळजी आहे, नाही असं नाही. पण बाईसाठीची काळजी बहुतेक वेळा घराच्या दाराशी येऊन का थांबते, हेही एकदा विचारायला हवं.

आम्ही पुण्यातल्या सातजणी. वयं सव्वीस ते चोपन्न. एक परिचारिका, एक बालवाडीची शिक्षिका, एक बँकेत काम करणारी, दोघी वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्या, एक विद्यार्थिनी आणि समाजकार्य शिकून गेली दहा-बारा वर्षं वस्तीतल्या बायकांच्या आरोग्यावर काम करणारी मी. येत्या फेब्रुवारीत अलिबागहून किनाऱ्याकिनाऱ्याने गणपतीपुळ्यापर्यंत सायकलने जायचं ठरवलं आहे. पाच दिवस, रोज ५० ते ६० किलोमीटर. वाटेत मुरूड, श्रीवर्धन, केळशी, दाभोळ, गुहागर. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या चार ठिकाणी खाडी फेरीबोटीने ओलांडायची. सातपैकी चौघींचा सराव आजवर बंद खोलीत झाला आहे. दोघींचा व्यायामशाळेतल्या जागेवरच्या सायकलवर, दोघींचा घरातच, मागचं चाक स्टँडमध्ये अडकवून. २०२० च्या टाळेबंदीनंतर ही पद्धत मध्यमवर्गीय घरांत बरीच पसरली.

या खोलीतल्या सरावाला नाव ठेवायला मी हे लिहीत नाही. बाईला रोज एक तास स्वतःच्या शरीरासाठी मिळणं हीच आपल्याकडे मोठी गोष्ट आहे. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत असं दिसलं, की बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात, तर ते करणाऱ्या पुरुषांची फक्त ९७. पाच तास विरुद्ध दीड तास. अशा दिवसातून ज्या बाईने कुकरच्या शिट्ट्या मोजत पाऊण तास पॅडल मारलं, तिने लढाईतला पहिला डाव जिंकलाच आहे. शिवाय जागेवरच्या सायकलला उतार नसतो. पाय थांबवले की चाकही लगेच मंदावतं, त्यामुळे तो पाऊण तास कसदार असतो. त्यातून दम वाढतो, मांड्यांना ताकद येते. पहाटेचा अंधार, भटकी कुत्री, शेरेबाजी यांतलं काहीही न सोसता हे मिळतं.

प्रश्न पुढचा आहे. या सरावातून काय मिळत नाही?

पहिलं म्हणजे तोल. अडकवलेली सायकल पडत नाही, म्हणून ती वळवावी लागत नाही, मागून ट्रक येतोय का हे मान वळवून बघावं लागत नाही, एका हाताने इशारा करत दुसऱ्या हाताने हँडल धरावं लागत नाही. त्यात मागच्या कॅरिअरला आठ-दहा किलोचं सामान बांधलं की सायकल वेगळीच वागू लागते. चढावर पुढचं चाक हलकं होतं, वळणावर मागची बाजू ओढते. म्हणून ठरवलं, की निघण्याआधी किमान चार-पाच वेळा पूर्ण सामान बांधूनच बाहेर पडायचं.

दुसरं, ब्रेक. कोकणची वाट सपाट नाही, प्रत्येक खाडीपाशी उतरायचं आणि पुन्हा चढायचं. उतारावर ब्रेक सतत दाबून धरला तर तो तापतो आणि हातही आखडतात. वजन मागे घ्यायचं, दोन्ही ब्रेक थोडेथोडे दाबायचे आणि सोडायचे, वळणाच्या आधीच वेग कमी करायचा. हे खोलीत शिकता येत नाही. त्यासाठी सिंहगड रस्त्याच्या किंवा कात्रजच्या बाजूचा एखादा उतारच हवा.

तिसरं, ऊन आणि भूक. खोलीत पंख्याखाली तासभर पाण्याची बाटली पुरते. बाहेर पाच-सहा तास जायचं तर भूक लागायच्या आधी खायला हवं. अर्ध्या-पाऊण तासाने केळं, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, आणि पाण्यात लिंबू, मीठ, साखर. दमट उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा-पंधरा दिवस लागतात, ती पंख्याखाली होत नाही. आणि त्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्यायचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. चढावर धाप लागली की आपण "माझ्यात जिद्दच कमी" असं म्हणून मोकळ्या होतो. पुष्कळदा कमी असतं ते रक्तातलं लोह.

चौथं, दुसरा दिवस. एक दिवस रेटून नेणं सोपं. दुसऱ्या सकाळी दुखऱ्या बुडाने पुन्हा सीटवर बसणं हीच खरी परीक्षा. म्हणून शनिवार-रविवार असे लागोपाठ दोन दिवस, रोज ३५-४० किलोमीटर जायचं. आणि सीटबद्दल मोकळेपणाने बोलायचं. बायकांच्या बैठकीच्या हाडांमधलं अंतर साधारणपणे पुरुषांपेक्षा जास्त असतं, त्यामुळे पुरुषांच्या मापाची अरुंद सीट नको तिथे रुतते. पुढे बधिरपणा येणं किंवा कातडी सोलवटणं हा नाजूकपणा नव्हे, ती सीट चुकीची आहे. सायकलची गादीवाली चड्डी आत दुसरं काही न घालता वापरायची असते, हे साधं ज्ञानसुद्धा आमच्या गटात कुजबुजत पोचलं. पाळी त्या पाच दिवसांत आली तर पॅड घासतं. कपाची सवय करायची असेल तर ती दोन-तीन महिने आधी. हे विषय बैठकीत निघाले तेव्हा बालवाडीच्या बाई म्हणाल्या, "तीस वर्षं संसार केला, पण बसायच्या हाडांबद्दल आजच कळलं!" सगळ्या हसलो. पण त्या हसण्यात बरंच काही होतं.

आता ही यादी पुन्हा पाहा. खोलीत जे मिळत नाही, ते नेमकं काय आहे? रस्त्यावरची नजर, वेगाचा अंदाज, पंक्चर काढणारे हात, अनोळखी गावात मुक्काम विचारायची सवय. मुलग्याला हे सगळं दहाव्या-बाराव्या वर्षी भाड्याची सायकल दामटताना फुकट मिळतं. मुलीची सायकल वयात येताच शाळेच्या वाटेपुरती उरते, आणि लग्नानंतर बहुधा तीही जाते. म्हणजे चाळिशीतली बाई रस्त्याला घाबरते ती स्वभावाने नव्हे. तिचा तीस वर्षांचा सराव काढून घेतलेला आहे. तो भरून काढणं म्हणजेच आमची तयारी.

म्हणून आमच्या तयारीत पॅडलइतकीच इतर कामं आहेत. प्रत्येकीने ट्यूब बदलायला शिकायची, दुसरीने बदलून द्यायची नाही. प्रत्येकीच्या पिशवीत जादा ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, पंप. खर्चाचे पैसे स्वतःच्या नावावर. आणि घरची पाच दिवसांची कामं घरातल्या माणसांकडे सोपवायची, तीही फ्रीजमध्ये पाच दिवसांच्या भाज्या करून न ठेवता. सगळ्यात अवघड हेच जातं आहे. चढ परवडला!

आणखी एक अडचण, जिच्याबद्दल पुरुषांच्या सायकल-पुस्तिकांत अवाक्षर नसतं. लघवीला कुठे जायचं? पाणी कमी पिणं हा बायकांचा जुना उपाय उन्हात सायकल चालवताना थेट धोक्याचा आहे. आम्ही नकाशावर पेट्रोलपंप, एसटी स्थानकं आणि फेरीबोटीचे धक्के याच हिशेबाने टिपले आहेत. मुंबईत २०११ मध्ये 'राइट टू पी' मोहिमेने हा प्रश्न चारचौघांत आणला. तो शहरापुरता नाही. मासळी घेऊन जाणाऱ्या कोळणीला तो रोज पडतो. परतल्यावर, कुठे सोय होती आणि कुठे नव्हती, याची यादी त्या त्या ग्रामपंचायतीला पाठवायची असं ठरलं आहे.

आपल्यातल्याच काही मैत्रिणी विचारतात, "ही सुखवस्तू बायकांची सहल. चळवळीशी हिचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. घरकामाला जाणारी बाई कसल्याही तयारीविना रोज मैलोन् मैल चालते, आणि त्याला कुणी व्यायाम म्हणत नाही. पण याच प्रश्नाचं उत्तर १९९१ नंतर तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्याने देऊन ठेवलं आहे. तिथल्या साक्षरता मोहिमेत, शीला राणी चुंकत जिल्हाधिकारी असताना, सायकल शिकणं हाही अक्षरओळखीइतकाच महत्त्वाचा भाग मानला गेला. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, परिचारिका, शिक्षिका अशा लाखभर बायका सायकल शिकल्या. पी. साईनाथांनी त्यावर लिहिलं आहे. बायकांच्या सायकली कमी पडल्या तेव्हा त्यांनी पुरुषांच्या घेतल्या, पुढच्या दांडीवर मूल बसवता येतं म्हणून. त्यांना पाणी आणायचं होतं, माल विकायला न्यायचा होता, आणि त्यासाठी बापाची-भावाची वाट बघायची नव्हती. बिहारने २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकलसाठी पैसे दिले तेही शाळेची वाट जवळ यावी म्हणून. सायकल चैनीची की गरजेची, हे ती कोण चालवतं यावर ठरतं. बाईने आपल्या मर्जीने घर सोडून दूर जाणं हा धागा मात्र दोन्हीकडे एकच आहे. आणि गरीब बाईला निव्वळ मौजेसाठी फिरायचा हक्क नाही, असं तरी आपण कोणत्या तोंडाने म्हणणार? शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ च्या 'व्हाय लॉयटर' या पुस्तकात हाच मुद्दा मांडला: बाईला फक्त सुरक्षितता देऊ नका, कामाशिवाय बाहेर असण्याचा आणि जोखीम घेण्याचा हक्क द्या.

सुरक्षिततेचं नाव घेऊन बाईला खोलीत ठेवणं सोपं असतं, कारण त्यात रस्ता सुधारावा लागत नाही. दिवे लागत नाहीत, स्वच्छतागृहं लागत नाहीत, ट्रकवाल्याला वेग कमी करावा लागत नाही. बदलायचं ते फक्त बाईने.

तेव्हा ज्या मैत्रिणी खोलीत पॅडल मारत आहेत, त्यांनी ते जरूर चालू ठेवावं. पण त्यातला आठवड्याचा एक दिवस बाहेर न्यावा. एकटीने जमत नसेल तर दोघींनी, दोघींनी नसेल तर चौघींनी. आपल्या मंडळांनी शिबिरांत भाषणांबरोबर पंक्चर काढण्याचा एक तास ठेवावा. वस्तीत दोन जुन्या सायकली दुरुस्त करून ठेवल्या, तरी मोठ्या बायका संध्याकाळी मैदानात शिकायला येतात, हे मी पाहिलेलं आहे. आणि किनाऱ्यालगतच्या गावांत ज्यांचे महिला गट आहेत त्यांनी जरूर कळवा. फेब्रुवारीत आम्हाला मुक्कामाला जागा लागेल, आणि तुमच्यापैकी कुणाला दोन गावं आमच्याबरोबर यायचं असेल, तर जादा सायकलची सोय आम्ही करू.