माठ भरणारी मात्र तहानलेली

होळी झाली, चैत्र लागला, की भोकरदनच्या आठवडी बाजारात माठांची रांग लागते. माठ घेताना आमची आई अजूनही बोटाने वाजवून बघते. टणटणीत वाजला तर घ्यायचा, बद्द आवाज आला तर तिथेच ठेवायचा. घरी आणला की रात्रभर पाण्यात भिजवायचा, पहिलं दोन दिवसांचं पाणी दारातल्या झाडाला घालायचं आणि तिसऱ्या दिवशी प्यायला घ्यायचा. त्या पाण्याला ओल्या मातीचा वास असतो. आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा केला, दवाखान्यात बरीच वर्षं काढली, मग नोकरी सोडून वस्त्यांमध्ये काम करू लागलो. फ्रीजचं पाणी प्यालो, बाटलीचंही प्यालो. पण तिसऱ्या दिवशीच्या त्या पहिल्या तांब्याची चव काही दुसरीकडे मिळाली नाही.

आरोग्याच्या पानावर आजार आणि गोळ्यांबद्दलच लिहायचं अशी पद्धत पडली आहे. या वेळी आम्ही सुखाबद्दल लिहितो. ऊन अजून पुरतं पेटलेलं नसतं, लिंबाला मोहर आलेला असतो, त्या दिवसांत आपल्या घरात जी चार साधी सुखं असतात ती शरीराला औषधासारखीच लागतात. आणि ती घरातल्या सगळ्यांना सारखी मिळत नाहीत, हे आमचं खरं म्हणणं आहे.

आपल्या वस्त्यांमध्ये याच दिवसांत ऊसतोडीला गेलेल्या जोड्या परत येतात. कारखान्याचा पट्टा पडला की सहा-सहा महिने बंद असलेल्या घराचं कुलूप निघतं. जाळ्या झाडल्या जातात, चूल सारवली जाते, आजीपाशी राहिलेली लेकरं आईच्या पदराला चिकटून हिंडतात. कोपीत अंग चोरून झोपलेलं माणूस त्या रात्री आपल्या दारात पाय लांब करून झोपतं. त्या झोपेइतकं मोठं टॉनिक आम्ही दवाखान्याच्या कपाटात पाहिलं नाही.

मग कुरडया. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, तो रात्रभर बसू द्यायचा आणि पहाटे उठून शिजवायचा. पहाटे अशासाठी, की ऊन चढायच्या आत सगळ्या कुरडया बाजेवर पडल्या पाहिजेत. गल्लीतल्या चार जणी एकमेकींकडे हात लावायला जातात. एक चीक घोटते, एक साच्या दाबते, एक बाजेवरचं लुगडं ताणून धरते, आणि लेकरं वाट्या घेऊन चुलीपाशी बसतात. गरम चीक, वर दूध-साखर नाहीतर नुसतं तेल-मीठ. पापडाच्या दिवशी लाट्या. बाजरीच्या खारोड्या वाळायच्या आत अर्ध्या पोरांच्याच पोटात. ही कामं जड आहेत, हात दुखतात, पण बायांना वर्षात एकदा एकत्र बसून मोठ्याने हसायला मिळतं ते याच निमित्ताने. मन हलकं होणं हेही आरोग्यच. आता पाकिटातल्या कुरडया मिळतात. घ्याव्यात, आमची हरकत नाही. बाया एकत्र बसायच्या थांबल्या तर मात्र हरकत आहे.

दुपारी भाकरीबरोबर कैरीचा तक्कू, फोडलेला कांदा, ज्वारीची आंबील, जमलं तर पातळ ताक. याला काही जण गरिबाचं खाणं म्हणतात आणि पाहुणा आला की लाजून रंगीत थंड पेयाची बाटली आणायला पोराला पळवतात. त्या बाटलीत साखर आणि वायू. ताकात आणि आंबिलीत पाणी, मीठ आणि पोटाला थंडावा. घामावाटे जे जातं तेच यातून परत मिळतं. (कांदा खिशात ठेवल्याने ऊन लागत नाही, असं मात्र नाही. तो खावा.)

रात्री ओट्यावर नाहीतर अंगणात वाकळ टाकून पडलं की आजी वर बोट दाखवून म्हातारीची खाट आणि ती चोरायला आलेले तीन चोर दाखवते. शाळेच्या पुस्तकात त्यालाच सप्तर्षी म्हणतात. चोर कधी खाट नेत नाहीत आणि गोष्ट संपायच्या आत लेकरू झोपतं.

आपल्या गावाचं जुनं नाव भोगवर्धन. सांचीच्या स्तूपासाठी दान देणाऱ्यांचे जे लेख दगडावर कोरले आहेत, त्यांत भोगवर्धनच्या लोकांचीही नावं आहेत. १९७३ साली इथे उत्खनन झालं तेव्हा सातवाहन काळातली हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती पार इटलीत, पाँपेईत मिळालेली आहे. भोगवर्धन म्हणजे सुख वाढवणारं. केळना नदीकाठच्या त्या नगरातल्या बायाही उन्हाळ्यात मडकी भरतच असतील, असं आमच्या मनात येतं. त्यांतल्या किती जणींना पोटभर पाणी मिळत होतं कोणास ठाऊक.

आजचं मात्र आम्ही डोळ्यांनी बघतो. माठ भरते बाई. नळाला पाणी येईल तेव्हा, मग रात्रीचे दोन का वाजेनात, उठते बाई. टँकर आला की हंडा घेऊन धावते बाई. आणि घरात सगळ्यांत कमी पाणी पिते तीही बाईच. आम्ही वस्तीत बसल्यावर हटकून विचारतो, सकाळपासून किती पाणी प्यालात? उत्तर येतं, चहा झाला. दुपारच्या बारा वाजताचं हे उत्तर!

याचं कारण तहान नसणं हे नाही. दिवसा लघवीला जायला जागा नाही, हे कारण आहे. शेतात मजुरीला गेली तर आडोसा नाही. बाजारात गेली तर स्वच्छतागृह नाही, असलं तर आत पाय ठेवण्यासारखं नाही. मग सोपा उपाय, पाणीच प्यायचं नाही. हा उपाय आमची आईही करत होती, आम्हीही ड्युटीवर केला आहे. त्याची किंमत उन्हाळ्यात लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणं, थंडी वाजून ताप, मूतखडा, अशी मोजावी लागते. गरोदर बाईला हा संसर्ग झाला आणि अंगावर काढला तर दिवस भरायच्या आत बाळंत होण्याची भीती असते. पाळी चालू असेल तर त्रास दुप्पट. याबद्दल घरात कोणाशी बोलायचं नाही, कारण तो लाजेचा विषय.

काही मावश्या उलट अभिमानाने सांगतात, आम्ही सगळ्यांचं झाल्यावर खातो, सगळ्यांचं झाल्यावर पितो. त्यांच्याविषयी आदर ठेवूनच म्हणतो, हा त्याग कोणाच्या कामाचा नाही. सिद्धार्थाने उपाशी राहून देह झिजवला, त्यातून काही हाती लागेना, तेव्हा तो मार्ग सोडून सुजाताची खीर घेतली. वैशाख पौर्णिमेला आपण ती खीर वाटतो. वाटणारीनेही वाटीभर घ्यावी.

पाण्याची गोष्ट आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळीने पाणी प्याले तो दिवस २० मार्च १९२७, म्हणजे हेच उन्हाळ्याच्या तोंडाचे दिवस. त्या तळ्याचा खटला चालत राहिला आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल आला १७ मार्च १९३७ ला. एका ओंजळीसाठी दहा वर्षं. दर मार्चमध्ये आपण त्या दिवसाला अभिवादन करतो, १४ एप्रिलला भर उन्हात मिरवणुकीत सरबत वाटतो. आणि आपल्याच घरातली बाई लघवीला जायला जागा नाही म्हणून तहानलेली राहते. ही गोष्ट जयंती मंडळाच्या बैठकीत निघाली पाहिजे, असं आमचं मत आहे. मिरवणुकीच्या वाटेवर बायांसाठी स्वच्छतागृहाची सोय कुठे, हे डीजेचं ठरवायच्या आधी ठरवा. वस्तीतल्या सार्वजनिक संडासाला दार, कडी, दिवा आणि पाणी आहे का, हे नगरसेवकाला विचारा. पाच बायांनी मिळून विचारलं तर उत्तर लवकर मिळतं, असा आमचा अनुभव आहे.

घरात करायचं ते साधं आहे. मेहनत करणाऱ्या मोठ्या माणसाला या दिवसांत रोज तीन लिटरच्या आसपास पाणी लागतं, म्हणजे दहा-बारा ग्लास. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच. मोजायचा कंटाळा असेल तर लघवीचा रंग बघा. फिकट असेल तर ठीक, पिवळी धमक असेल तर पाणी कमी पडतंय. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर उन्हाळ्यातही त्याला वरचं पाणी, मध, साखरपाणी काही द्यायचं नाही. आईच्या दुधातच पाणी असतं. म्हणून पाणी त्या आईला द्या. पन्ह्यात मधुमेह असलेल्यांनी गूळ घालू नये आणि रक्तदाब असलेल्यांनी ताकात वरून मीठ घेऊ नये. जुलाब-उलटी झाली तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ अंदाजाने टाकू नका.

माठाबद्दलही दोन शब्द. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर पाझरतं, हवेत उडतं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं, म्हणून पाणी गार होतं. त्यामुळे माठ कोपऱ्यात कोंबू नका, वारा लागेल असा ठेवा, बाहेरून ओलं फडकं गुंडाळा. ऑइलपेंट दिलेला शोभेचा माठ घेऊ नका, त्याची छिद्रं बुजलेली असतात. हात बुडवून पाणी काढू नका, लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. आणि आठवड्यातून एक दिवस माठ, रांजण, कूलर सगळं रिकामं करून घासा. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो.

आपली बहुतेक घरं पत्र्याची. दुपारी बाराला पत्र्याखाली चुलीपुढे बसणं म्हणजे दोन आगींच्या मध्ये बसणं. आमची एक मावशी अशीच पापड भाजता भाजता चुलीपाशी कलंडली. अंग घामाने भिजलेलं, डोळ्यांपुढे अंधारी, पण शुद्धीवर होती. सावलीत नेलं, पाय उंच केले, ओल्या कपड्याने पुसलं, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट दिलं, तासाभरात सावरली. पण अंग तापलेलं असेल आणि माणूस बरळू लागलं किंवा बेशुद्ध झालं, तर तो उष्माघात. मग अंगाला घाम असो वा नसो. तोंडात पाणी घालू नका, अंगावर पाणी ओतत वारा घालत राहा आणि १०८ ला फोन करा. पत्र्यावर पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले तरी ऊन परतवलं जातं आणि घर जाणवेल इतकं गार राहतं. अहमदाबादने २०१३ साली उष्माघाताविरुद्ध शहराची योजना केली. पुढे तिथल्या वस्त्यांमध्ये छपरं पांढरी करण्याचं कामही झालं. आपल्याकडे पत्र्यावर पऱ्हाट्या, पाचट टाकतात, तेही गार ठेवतं, फक्त वायर आणि चुलीच्या धुराड्यापासून लांब. आणि स्वयंपाक सकाळी नऊच्या आत उरका. भाकरी दुपारी गरमच हवी असा ज्याचा हट्ट असेल त्याने ती स्वतः थापावी.

बाहेर झोपा, पण बाजेवर झोपा, मच्छरदाणी लावा, वाकळ आणि चपला झटकून घ्या. हे दिवस विंचवाचे. इथे पुन्हा महाडचं नाव येतं. विंचूदंशावर आयुष्यभर काम केलेले डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे आपल्याच तालुक्यातल्या देहेडचे. त्यांनी रुग्णसेवा केली महाडला. प्राझोसिन या साध्या गोळीने विंचू चावलेल्या माणसाचं हृदय वाचवता येतं, हे त्यांचं काम १९८६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणून विंचू चावला, दरदरून घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, तर उतरवणाऱ्याकडे नेऊ नका, दोरी बांधू नका, सरळ सरकारी दवाखाना गाठा. लेकरू असेल तर लक्षणांची वाटही बघू नका.

यंदाचा माठ आम्ही आणला. आईनेच वाजवून घेतला. तिसऱ्या दिवशी पहिला तांब्या तिच्या हातात दिला. तिने निम्मा प्यायला आणि उरलेला नातवासाठी झाकून ठेवू लागली. नातू म्हणाला, आजी, माझ्यासाठी माठ भरलेला आहे. मग तिने तो संपवला, ओट्यावर लिंबाच्या सावलीत बसून.