क्लार्कच्या आत लपलेला क्लेरी

व्हिजिटिंग कार्डावर ‘क्लार्क’ दिसला की आपण त्याला बिनधास्त इंग्रज ठरवून मोकळे होतो. जरा थांबा बॉस! तो आयरिश असेल, तर मूळचा ‘ओ क्लेरी’ निघण्याचा चान्स बराच आहे.

‘ओ’ म्हणजे वंशज. (मुलीच्या नावात त्याजागी ‘नी’ येतं.) आणि क्लेरी म्हणजे धर्मपीठातला लिहिता-वाचता माणूस. आपल्या ऑफिसातला क्लार्कही त्याच लॅटिन शब्दाचा नातू, बरं का! गॉलवे भागातल्या या घराण्याच्या एका सरदाराचा मृत्यू ९१६ सालचा. म्हणून युरोपातल्या सगळ्यात जुन्या आडनावांत क्लेरीचा नंबर लागतो.

पुढे गॉलवे सुटलं. एक शाखा डोनेगलच्या ओ’डॉनेल राजांकडे बखरकार झाली. राजे गेले, इंग्रज आले. तेव्हा याच घरातल्या मायकेल या फ्रान्सिस्कन ब्रदरने जुन्या पोथ्या हुडकल्या आणि साथीदारांना घेऊन १६३२ ते १६३६ या काळात आयर्लंडचा अख्खा इतिहास उतरवून काढला. ‘ॲनल्स ऑफ द फोर मास्टर्स’ तो हाच.

इतिहास वाचला, आडनाव नाही. इंग्रजी कागदांवर त्याचं सरळ भाषांतर झालं, क्लार्क! सोयीचं होतं, चिकटलं. क्लेरी उरले थोडेच.

डब्लिनकरांच्या तोंडी मात्र हे नाव राहिलं ते ओ’कॉनेल स्ट्रीटवरच्या ‘क्लेरीज’ या दुकानामुळे. त्याच्या घड्याळाखाली पिढ्यान्‌पिढ्या डेट्स ठरल्या. ते दुकानही २०१५मध्ये बंद झालं.